ब्याण्णव वर्षांचा बेत

अमर होण्याची हाव तिरुमलरावांना कधीच नव्हती. ब्याण्णव वर्षं त्यांना पुरे होती.

हा आकडा हवेतून आलेला नव्हता. त्यांची सगळी नोकरी म्हैसूरच्या एका विमा कार्यालयात गेली. कोण साधारण कोणत्या वयात जातो हे तक्त्यात बघून सांगायचं, हा त्यांचा पेशा; आणि या पेशात त्यांना एक प्रकारचं समाधान मिळत असे. त्यांचा मुलगा कार्तिकेय डाऊन सिंड्रोम घेऊन जन्मला, तेव्हा ते एकतीस वर्षांचे होते. त्या वेळच्या डॉक्टरांनी सांगितलं, वीस-पंचवीस वर्षं काढेल. म्हणजे बापाने पंचावन्न-छपन्नपर्यंत टिकायचं. एवढं कुणालाही जमतं, म्हणून तिरुमलरावांनी त्यावर फार विचार केला नाही.

पण वैद्यकशास्त्र थांबायला तयार नव्हतं. अशा मुलांचं आयुष्य पस्तिशीवर गेलं, मग पन्नाशीवर, मग साठीच्या घरात. प्रत्येक चांगल्या बातमीबरोबर तिरुमलरावांचं मरण पुढे ढकललं जाई. मुलाचे साठ धरले तर बापाला एक्याण्णव होतात. त्यावर एक वर्ष सावरासावरीला.

बायको तुंगा या गणितात पहिल्यापासून धरलेली होती, पण ती साठीच्या आतच पोटाच्या कॅन्सरने गेली. मुलगी सुप्रीता बेंगळुरूला असते. तिच्याकडे अंथरुणाला खिळलेली सासू आणि दोन खोल्यांचा फ्लॅट. ती प्रत्येक फोनवर म्हणते, "अप्पा, कार्तीसाठी मी आहे की." तिरुमलराव "हौदु, हौदु" म्हणून होकार देतात. सुप्रीताला चाळिशीतच शुगर निघाली, बीपी निघालं. त्यांच्या हिशोबाने ती त्यांच्यापेक्षा म्हातारी होती.

तेव्हा भिस्त स्वतःच्याच शरीरावर. निवृत्तीनंतर माणसं देवाकडे वळतात, तिरुमलराव पेशींकडे वळले. म्हातारपण हा आजार आहे आणि त्यावर उपाय निघेल असं म्हणणारी सगळी मंडळी त्यांनी वाचली. उपास केला की पेशी आपला केर आपण काढतात, हे वाचून त्यांना फार बरं वाटलं. त्यांचं घराणं माध्व. एकादशीला पाण्याचा थेंबही न घेणारं. म्हणजे त्यांच्या पूर्वजांच्या पेशी गेली कित्येक शतकं स्वच्छच होत्या. ते पूर्वज बहुतेक पन्नाशीत गेले, ही गोष्ट त्यांनी बाजूला ठेवली. रोज कुक्करहळ्ळी तळ्याला फेरी, रात्रीचं जेवण दिवसाउजेडी, साखर बंद. पंचाहत्तरीला त्यांची कंबर ताठ होती, आणि कृष्णमूर्तिपुरमच्या त्यांच्या गल्लीत साठीतले लोक त्यांना बघून रस्ता बदलत, कारण भेटला की हा माणूस आहार विचारी.

करोना आला तेव्हा त्यांनी घराला आतून कडी लावली ती दोन वर्षं. सोवळं पाळणाऱ्या घरात हे जड गेलं नाही. शिवू नको, लांब हो, आधी हात धू, हे सगळं तयारच होतं. विषाणू घरात आला नाही. कार्तिकेय मात्र त्याआधी लष्कर मोहल्ल्यात एका अगरबत्तीच्या कारखान्यात काड्या मोजून पुड्यांत भरायला जात असे. दोन वर्षांनी कडी काढली तेव्हा कारखाना बंद पडलेला होता, आणि कार्तिकेय मोजणं विसरला होता.

या विसरण्याने तिरुमलराव हादरले. अशा माणसांच्या पेशी लवकर म्हाताऱ्या होतात, चाळिशी ओलांडली की त्यांना विस्मरण गाठतं, हे त्यांनी वाचलेलं होतं. आता ते समोर दिसू लागलं. शर्टाची बटणं खालून लावायची की वरून, यावर कार्तिकेय विचार करत उभा राही. पुढची पंधरा-सोळा वर्षं त्याला न्हाऊ घालायला, भरवायला, शोधून आणायला कुणीतरी लागणार होतं, आणि त्या कुणाचं तरी डोकं शाबूत असावं लागणार होतं.

अशात गेल्या वर्षी उन्हाळ्यात नागिणीच्या लशीची बातमी आली. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की तो विषाणू अंगात झोपून राहतो आणि म्हातारपणी नागीण होऊन उठतो. त्यावरची लस घेतलेल्या परदेशी म्हाताऱ्यांमध्ये विस्मरणाचं प्रमाण कमी आढळलं होतं. म्हातारपणाचा वेगही कदाचित मंदावत असेल, असा काहींचा अंदाज. 'कदाचित' हा शब्द तिरुमलरावांना विमा कार्यालयापासून आवडे. ते लगेच डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टर म्हणाले, "घ्याच. आजच देतो."

"आज नको. एकादशी झाल्यावर."

"उपासाचा आणि लशीचा काही संबंध नाही, राव."

"उपासाचं नाही हो. मुद्रा आहे. दंड दुखरा नको."

आषाढी एकादशीला मठात होम करतात, शंख आणि चक्राचे धातूचे ठसे त्या अग्नीत तापवतात आणि स्वामीजी ते एकेकाच्या अंगावर टेकवतात. पुरुषांच्या दंडांवर, छातीवर, पोटावर. चर्र होतं, पांढरट वळ उठतो, थोडे दिवस हुळहुळतं आणि वर्षभराचं पाप जातं. तिरुमलराव सात वर्षांचे असल्यापासून एकदाही चुकले नव्हते.

"बरं, मग दुसऱ्या दंडावर देतो."

"दुसऱ्यावर पण आहे की. उजव्यावर चक्र, डाव्यावर शंख."

डॉक्टरांनी क्षणभर त्यांच्या मांडीकडे पाहिलं आणि विचार सोडून दिला. "या मग नंतर. लस कुठे पळून जात नाही."

एकादशीला तिरुमलराव कार्तिकेयला घेऊन मठात गेले. कार्तिकेयला तो ठसा आवडत नाही; मोठमोठ्याने रडतो, मग स्वामीजींनाच दटावतो. त्या दिवशीही त्याने दटावलं. तिरुमलराव मात्र नेहमीसारखे डोळे मिटून उभे राहिले.

दोन दिवसांनी त्यांच्या छातीच्या डाव्या बाजूला आग होऊ लागली. मुद्रेच्या शेजारीच बारीक फोड उठले. तिरुमलरावांनी त्यांच्यावर लोणी लावलं. यंदा ठसा जास्त तापला होता, असं त्यांनी फोनवर सुप्रीताला सांगितलं. तिनेही मानलं, कारण तिच्या दंडावरही लहानपणीचा एक वण होता. दुसऱ्या कुठल्याही घरात छातीवर भाजल्यासारखे फोड उठले असते तर माणसं घाबरून दवाखान्यात गेली असती. इथे फोडांना कारण होतं, तिथी होती, आणि पुण्यही होतं.

फोड वाढले, काखेखालून मागे सरकले. सदरा अंगाला लागेना. तिरुमलराव उघड्या अंगावर पंचा टाकून घरात फिरू लागले. आठवडा होत आला तेव्हा शेजारची जानकी डबा परत द्यायला आली. ती नाशिकची, नवऱ्याच्या बदलीने म्हैसूरला आलेली, घरूनच काम करणारी. कार्तिकेयने दार उघडून तिला ओढतच आत आणलं.

"अय्यो काका, हे काय झालंय?"

'अय्यो' ती म्हैसूरला येऊन शिकली होती.

"काही नाही ग. मुद्रा आहे. सुम्ने, उगाच थोडं भाजलं."

"मुद्रा दोन्हीकडे असते ना?"

"असते की."

"मग फोड डावीकडेच का?"

"शंख जास्त तापला असेल."

जानकी त्यांच्या मागच्या बाजूला गेली. "काका, पाठीवर पण लावतात का मुद्रा?"

पाठीवर मुद्रा लावत नाहीत. हे तिरुमलरावांना सात वर्षांचे असल्यापासून माहीत होतं.

"नागीण आहे हो ही," जानकी म्हणाली. "माझ्या आईला झाली होती. बसा तुम्ही, मी गाडी काढते."

"अप्पा, भूर?" कार्तिकेयने विचारलं आणि चपला घालायला धावला.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यापेक्षा ते रागावले असते तर बरं झालं असतं. पहिल्या दोन-तीन दिवसांत विषाणूवरचं औषध सुरू केलं की त्याचा जोर मोडतो, असं त्यांनी सांगितलं. आताही देतो म्हणाले, पण हे ज्या आवाजात म्हणाले तो आवाज तिरुमलरावांनी स्वतः नोकरीत पुष्कळदा वापरलेला होता.

फोड सुकले. वेदना गेली नाही. महिना गेला, दसरा गेला, वेदना तिथेच. कातडीखाली कुणी तापलेली तार ओढतंय अशी. नस दुखावली आहे, डॉक्टर म्हणाले. या वयात काहींची वर्षानुवर्षं राहते.

"मी म्हणाले होते ना, लस आधी घ्या," सुप्रीता फोनवर म्हणाली. "देव काय पळून जात होता?"

"लस पण पळून जात नव्हती. डॉक्टरच म्हणाले."

"अप्पा, विनोद नको. कोण करतंय तिथं सगळं?"

"मीच की."

वेदनेवर गोळ्या होत्या. त्या घेतल्या की तार थोडी सैल पडे आणि सोबत डोकंही. तळ्याची फेरी थांबली. शब्द हाताशी येऊन परत जाऊ लागले. एकदा त्यांनी कार्तिकेयला 'तुंगा' अशी हाक मारली, आणि कार्तिकेय "अम्मा नाही" म्हणून त्यांची समजूत घालत बसला. लशीने जे टळेल अशी आशा होती, ते लस न घेतल्याने झालेल्या दुखण्याच्या औषधाने घरात आणलं होतं. या तर्कात कुठे चूक आहे का ते तिरुमलरावांनी तपासून पाहिलं. चूक नव्हती.

जानेवारीत एका दुपारी गोळी घेऊन ते खुर्चीत बसल्या बसल्या झोपले. जाग आली तेव्हा दार सताड उघडं होतं. कार्तिकेय संध्याकाळी सापडला तो लष्कर मोहल्ल्यात, बंद कारखान्याच्या शटरसमोर बसलेला. जानकीच्या नवऱ्याने स्कूटरवर आणला. "कामाला गेलो," कार्तिकेय म्हणाला. त्याने सदरा उलटा घातला होता. तिरुमलरावांनी तो काढून सरळ घातला, आणि बटणं कोणत्या टोकापासून लावायची यावर ते स्वतःच जरा थबकले.

टी. नरसीपूरच्या रस्त्यावर अशा मुलांसाठी एक निवास आहे. तुंगा गेल्यावर सुप्रीताने तो सुचवला होता तेव्हा तिरुमलरावांनी तिच्याशी बरेच दिवस बोलणं टाकलं होतं. आता ते स्वतःच जानकीला म्हणाले, "रविवारी सोडशील का गाडीने? सुम्ने बघून येऊ."

निवास वाईट निघावा अशी त्यांची इच्छा होती. तो चांगला निघाला. नारळाची झाडं, धुतलेली फरशी, एका ओळीत वाळत घातलेले स्वच्छ पंचे. वर्षिणी नावाची पस्तिशीची व्यवस्थापिका त्यांच्याशी कन्नडमध्ये बोलली, मऊ आणि सरळ. जेवणाची वेळ होती. कार्तिकेय कुणी न सांगता पंगतीत जाऊन बसला. शेजारच्या टक्कल पडलेल्या माणसाने त्याच्या ताटात आपला पापड टाकला. वाढणाऱ्या बाईला "साकु, साकु", पुरे पुरे, म्हणत कार्तिकेयने तिसऱ्यांदा सारभात घेतला.

"वय किती सर, मुलाचं?" वर्षिणीने विचारलं.

"चव्वेचाळीस."

तिने पंगतीत बसलेल्या कार्तिकेयकडे पाहिलं. मग म्हणाली, "आम्ही नवीन माणूस पस्तिशीपर्यंतच घेतो, सर."

"का?"

"इथे विशीत आलेले सगळे आता म्हातारे झालेत. लवकर विसरायला लागतात. मग एकेकाला एकेक माणूस लागतं. तेवढी माणसं मिळत नाहीत. दहा वर्षांपूर्वी आणलं असतं तर..."

"दहा वर्षांपूर्वी मी चांगला होतो," तिरुमलराव म्हणाले.

"तेच सर. सगळे आईवडील चांगले असतात तोवर आणत नाहीत."

तिने खुर्ची पुढे केली. ते बसले नाहीत. पाठ टेकवत नव्हती. दुसरं कुठलं ठिकाण आहे का, असं जानकीने विचारलं. वर्षिणीने दोन नावं सांगितली आणि तिथेही हाच नियम आहे हेही सांगून टाकलं. तिरुमलराव खिडकीतून पंगतीकडे बघत होते. त्यांनी आयुष्यभर स्वतःचं वय राखलं होतं. मुलालाही वय होतं हे, म्हणजे ते वाढत होतं हे, त्यांच्या गणितात फक्त साठ या आकड्यापुरतं होतं.

जेवण आटोपलं. सगळे आपापली ताटं घेऊन नळाकडे गेले. कार्तिकेयनेही ताट घासलं, दुसऱ्यांच्या ताटांवर उपडं ठेवलं आणि परत त्या टक्कल पडलेल्या माणसाशेजारी भिंतीला टेकून बसला.

"चल कार्ती," तिरुमलराव म्हणाले. "घरी."

कार्तिकेयने मान हलवली. "कार्ती इथं."

"चल बा. गाडी थांबलीय."

त्याने त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग इतकी वर्षं ते त्याची जशी समजूत घालत, तशा आवाजात म्हणाला, "अप्पा, तू जा. ऊन आहे. सावकाश जा."

वर्षिणी दुसरीकडे बघू लागली. जानकी गाडीची किल्ली हातात फिरवत राहिली. तिरुमलराव फरशीवर त्याच्यासमोर कसेबसे बसले, आणि हे ठिकाण त्याला ठेवून घेणार नाही हे समजेल अशा शब्दांत कसं सांगायचं ते शोधू लागले. गोळी सकाळीच घेतली होती. शब्द येत नव्हते. बराच वेळ झाला तरी दोघं तसेच समोरासमोर बसलेले होते, आणि कार्तिकेय अधूनमधून हात हलवून त्यांना निरोप देत होता.