चार बोटं लांब

लोणावळ्याच्या बाजारात तालमीचे जांगिये शिवणारे एक शिंपी होते. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. माप घ्यायच्या आधी ते गिऱ्हाइकाला दुकानातच बैठक मारायला लावत. "उभ्याचं माप बसल्यावर काचतं," एवढंच म्हणत.

माझ्या मांडीवर भाजल्याचा मोठा डाग होता. त्या लाजेनं मी तालीम टाळत आलो होतो; शेवटी धीर करून जांगिया शिवायला आबांकडे गेलो. बैठक मारताना धोतर सरकलं आणि आबांना तो दिसला. त्यांनी माप वहीत टिपलं. दोन दिवसांच्या कामाला मात्र त्यांनी मला पंधरा दिवस थांबवलं.

जांगिया हातात आला तो चांगला चार बोटं लांब.

"आबा, एवढा लांब कोण घालतं? पोरं हसतील."

"न्हाई हसायची. जा तू."

भीतभीतच तालमीत गेलो. महायुद्धामुळे कापडाची मारामार होती, तरी लाल मातीत पाच-सहा जण तसाच लांब जांगिया घालून घुमत होते. एकाला विचारलं.

"आबा म्हनले, पुन्यात आता हीच फॅशन हाय."

आबा कधी पुण्याला गेल्याचं कुणाच्याच ऐकिवात नव्हतं.