शांत झालेला समुद्र

माझी लेक उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्राची रडारचित्रं तपासते, तीही पुण्यातल्या आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून. परवा तिच्या पडद्यावर करड्या लाटांमध्ये एक काळा डाग दिसला.

“आई, इथे समुद्र शांत झालाय,” ती म्हणाली.

मी चरकलेच. आमच्याकडे दिवा विझला म्हणत नाहीत, शांत झाला म्हणतात. माणूस गेलं तरी तेच म्हणतात. दिवा तेल संपल्यावर शांत होतो, आणि समुद्र म्हणे तेल सांडल्यावर! तवंग पसरला की लाटाच उठत नाहीत, आणि सपाट पाणी रडारला काळं दिसतं.

“पण पाणी गोठायला लागलं तरी असंच काळं दिसतं,” ती म्हणाली. “पुढच्या चित्रात बघू.”

दुसऱ्या दिवशीच्या चित्रात डाग नव्हता. सगळा बर्फच बर्फ.

“म्हणजे तेल नव्हतं ना गं?”

“असेलही. बर्फाखालचं यात दिसत नाही.”

संध्याकाळी देवघरात गेले, तर दिवा गेलेला. वारा नव्हता. तेल काठोकाठ होतं, जराही न हलणारं. शांत झाला म्हणायला जीभ वळेना.

“विझला,” मी म्हणाले.