बारला पोपटाचं नाव कसं पडलं

वसईच्या पास्कलभाऊंनी मला बहरीनमध्ये टिकवलं. हे आधी सांगतो, कारण पुढचं सांगताना राहून जाईल... गेल्या महिन्यात ते गेले. काउंटरमागे उभ्याउभ्याच कोसळले आणि समोरच्या गिऱ्हाइकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, पोपट नवीन खेळ करतोय.

मनामा शहरातला आमचा बार इंग्रजांच्या वेळचा, भिंती छतापर्यंत हिरव्या टाइल्सच्या. मी आलो तेव्हा त्याला सगळे नुसतं 'बार' म्हणत. मी सातवीत शाळा सोडलेला. साहेब लोकांचं तोंडातल्या तोंडातलं इंग्रजी मला कळेना. बाटल्या काढून देणं माझं काम. दोनदा भलतीच दारू गेली, तेव्हा मॅनेजर म्हणाला, आणखी एकदा चुकलास तर खलास, घरी जा. गावी बायको, अंगावरचं पोर... मला जेवण जाईना. तेव्हापासून काउंटरवर ऑर्डर घेणारे पास्कलभाऊ प्रत्येक ऑर्डर मोठ्यांदा, तोडून तोडून परत म्हणू लागले. "टू बिअर. वन जिन. नो आइस." ते माझ्यासाठी. मी ऐकून बाटली उचलायचो.

गिऱ्हाइकांना मजा वाटली. कुणी शीळ घाली, कुणी शेंगदाणे फेकून मारी. मग डागडुजी निघाली, तेव्हा मॅनेजरने टाइल्सवर पोपट रंगवून घेतला, त्याला भाऊंचा जाड चष्मा घातला आणि दारावर पाटी लावली, 'द पॅरट'. नव्या पाहुण्यांना तो सांगे, कुणा खलाशाचा पोपट होता इथे. तेही भाऊंच्या देखत, डोळा मारून.

"भाऊ, आता गप राहा," मी म्हटलं.

"काल व्होडका मागितली, तू सोडा दिलास. आधी शीक, मग राहतो गप."

मी शिकलो. पण तोवर मॅनेजर त्यांना गप बसू देईना.

शवपेटीबरोबर मीच वसईला गेलो. वहिनी म्हणाल्या, "ते सांगायचे, एकाला शिकवतोय, तो शिकला की ते बोलणं बंद. तो तूच ना? शिकलास का रे?"

"हो वहिनी. कधीच."

"मग बंद का नाही केलं त्यांनी?"



परतलो तर मॅनेजरने भाऊंच्या जागी मलाच उभं केलं. ऑर्डर परत म्हण, लोकांना सवय आहे, म्हणाला. मी म्हणतो. व्हिसा त्याच्या हातात आहे.

पण भाऊ, एक दिवस माझं दुकान निघेल, चहाचं का असेना. पाटीवर तुमचं नाव असेल, आईबापांनी ठेवलेलं. एवढं मी फेडीन. इंशाल्ला.