कट्यारीचा जोड

आता तुम्हीच सांगा, ऐन लग्नात नवरदेव कट्यार सोडेना, असं कुठं ऐकलंय? ऐका मग. तो नवरदेव मीच!

गोष्ट सत्तरच्या दशकातली. मी तेव्हा नागपूरजवळ वाडीच्या एका कारखान्यात नवा फिटर होतो. पगार थोडा, तोरा भारी! आमच्याकडे हळद लागली की नवरदेवाच्या हातात टोकाला लिंबू खोचलेली कट्यार देतात. लग्न लागेपर्यंत ती खाली ठेवायची नाही. हळदीची आंघोळ करून मी ती हातात घेतली, तर मूठ हलत होती.

मामा म्हणाले, "कथील वितळवून डाख लाव बे. तोच टिकते."

"डाखाचे दिवस गेले मामा! हे इपॉक्सी पाहा. कट्यार मोडेल, पण जोड सुटणार नाही!"

दोन नळ्यांतला तो गोंद कालवला, मूठ बसवली आणि दाबून धरली. तेवढ्यात वाजंत्री आली, वरात निघाली. आता कट्यार ठेवणार कुठं? ओघळलेला गोंद माझ्या बोटांखाली, आणि वर मे महिन्याचं नागपूर! असल्या उन्हात तो भराभर वाळतो.

मांडवात भटजी म्हणाले, "कट्यार ठेवा, मंगळसूत्र घ्या."

बोटं उघडेनात!

एवढ्या बढाया मारल्यावर कोणत्या तोंडानं सांगणार? मी कट्यार तशीच धरून मान खाली घातली. रुसलेल्या जावयाला काहीतरी देऊन मनवायची तेव्हा रीतच होती. सासऱ्यांचा चेहरा पडला.

"जावईबापू काहून रुसले जी? घड्याळ पाह्यजे का?"

मी घाबरून नकारार्थी मान हलवली.

"सायकल देतो जी!" मेहुणा म्हणाला.

मी आणखी जोरात मान हलवली.

"सायकल बी नाही म्हणतात! स्कूटर मागून राहिले!" मांडवात कोणीतरी ओरडलं.

सासूबाई रडायलाच लागल्या. आता लग्नच मोडतंय की काय!

"स्कूटर नको जी! मी चिकटलो!" मी ओरडलो.

मामा धावले. दुपट्ट्यात पातं धरून त्यांनी ओढलं. पातं अलगद त्यांच्या हातात आलं! मूठ माझ्याच हातात.

"हाच का बे तुझा जोड?" मामा म्हणाले.

गंज लागू नये म्हणून पात्याला लावलेलं तेल पुसायचं मी विसरलो होतो. हात मात्र मामीनं हळद काढताना साबणानं घासून लख्ख केले होते. गोंदाला स्वच्छ जागा लागते, ती त्याला माझ्या हातावर सापडली.

मुहूर्त टळत चालला. शेवटी नवरीनंच मंगळसूत्र घेतलं, एक टोक माझ्या डाव्या हातात दिलं आणि आकडा स्वतः लावून टाकला.

आजही कोणी लग्नाची आठवण काढली की ती सांगते, "लग्न तं मीच लावलं वं बाई! हे नुसते मूठ धरून उभे होते."