कानामागची तीट

आमच्या बालगृहाच्या मुलींचं नाटक होतं. मी इथली पहिली पदवीधर, म्हणून मुद्दाम बोलावलं होतं. पडद्यामागे नवी आलेली सुमी अडून बसली होती. "मी नाही जाणार. मला बघायला कोण आलंय?"

रंगमंचावर जाण्याआधी एकमेकींना तीट लावायची, ही इथली जुनी रीत. थोरल्या शकूनं काजळात बोट बुडवलं. "गप गं! एवढी गोड दिसतेस, दृष्ट लागेल."

"मला?" सुमी बघतच राहिली.

"नाहीतर काय मला?"

आपल्यालाही दृष्ट लागू शकते, हे टाकून दिलेल्या पोरीला कुणीतरी सांगावं लागतं. मलाही याच पडद्यामागे सांगितलं गेलं. पदवी त्यानंतरची.

शकूनं कानामागे तीट लावली, तशी सुमी उठली. तिनं शकूच्या हातातली काजळाची डबी ओढली. "थांब ताई, तुला कोण लावणार?"