बंदुकीचे आटे
सर्व संबंधितांस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, खोबरेल तेलाचा वास आला की मी आजही जळतो. मेहुण्याच्या, रंगाच्या गोळ्या मारायच्या पेंटबॉल बंदुकीच्या मुठीतले आटे मीच, स्टील प्लांटमधल्या जुन्या फिटरने, स्क्रू जास्त आवळून घालवले होते. मरोद्याच्या आमच्या अंगणात शेजारच्या क्लार्कने, जन्मभर फायली हलवणाऱ्या माणसाने, भोक मोठं केलं, आटे पाडायच्या टॅपला खोबरेल लावून नवे आटे पाडले आणि आत जुन्या स्क्रूच्या मापाची, आट्यांचं काम करणारी तारेची स्प्रिंग बसवली. जुना स्क्रू अलगद फिरत घट्ट बसला. "काय हात आहे जी भाऊजी तुमचा!" म्हणत बायकोने त्याला आल्याचा चहा दिला, मला बिनआल्याचा. आटे पुन्हा जावेत म्हणून मी पान्यावर सगळा जोर लावला. स्क्रूची मुंडीच तुटून हातात आली. बायको ओरडली, "बंदुकीचे आटे तं पक्के आहेत जी, तुमच्याच डोक्याचे गेले!"