मुतारीचं वाण

बायकांना राखीव जागा आल्या आणि आटपाडीकडच्या आमच्या गावात मी ग्रामपंचायतीची सदस्य झाले. आई बाजारात भाजी विकायची. तिनं मला एकच काम सांगितलं, "बाजारात बायकांसाठी मुतारी बांध. बाकी काय न्हाई केलंस तरी चालंल." बाजाराच्या दिवशी ती निघाल्यापासून घरी येईपर्यंत पाण्याचा घोट घेत नसे. पुरुषांना सगळा गाव मोकळा होता, बायकांना साधा आडोसा नव्हता. लघवीच्या जळजळीनं ती दर उन्हाळ्यात आजारी पडायची आणि मिरजेचे डॉक्टर सांगायचे, पाणी भरपूर प्या.

मला वाटलं होतं, हात वर केले की काम होतं. सगळे हात वर झालेही. मग सरपंचांनी विचारलं, "बांधायची कुटं?" आणि हात खाली आले.

शेळ्यांच्या बाजाराजवळ म्हटलं, तर व्यापारी आले. "शेळ्या बिचकत्यात." शेळीला बाईचं काय वावडं, ते मला अजून कळलेलं नाही. वडापच्या जीपा लागतात तिथं म्हटलं, तर जीपवाले म्हणाले, वासानं पाशिंजर चढणार नाही. मागं दांडीला लोंबकळत जाणारं पाशिंजर, आणि नाक एवढं नाजूक. राहिली तालमीमागची जागा. तालमीचे वस्ताद स्वतः आले, मान खाली घालून बसले आणि म्हणाले, "सरपंच, पोरांचं ब्रह्मचर्य ढळंल."

मी हसले. सरपंच हसले नाहीत. त्यांच्या निवडणुकीत जीपा वडापवाल्यांच्या, बूथवरची पोरं तालमीची, मांडवाचा खर्च शेळीवाल्यांचा. मला बाजूला घेऊन ते म्हणाले, "ताई, तुमचं खरं हाय. पर तुमच्या पाठीमागं संघटना कंची हाय?"

"बाजारातल्या बायका."

"ती संघटना न्हवं, ताई. ती गर्दी हाय."

मला फार झोंबलं, कारण ते खरं होतं. नुसत्या गर्दीला कोण भितंय?

संक्रांतीला सरपंचांच्या बायकोचं हळदीकुंकू होतं. सदस्य म्हणून मलाही बोलावणं आलं. आम्ही बौद्ध, आमच्यात हे नसतं. मी नाहीच म्हणत होते. आई म्हणाली, "कुंकू नगं लावू, पर जा. त्यांच्या समद्यांच्या बायका तितंच घावत्याल."

गेले. वस्तादांची बायको होती, जीपवाल्यांच्या पुढाऱ्याची होती, शेळीवाल्यांच्या घरच्या तर ओळीनं बसल्या होत्या. सरपंचांची बायको प्लास्टिकच्या वाट्या लुटत होती. संक्रांतीचं वाण नुसतं देत नाहीत, लुटतात. कुणीतरी कुरकुरलं, "गेल्या साली बी वाट्याच हुत्या." माझ्या तोंडून निघून गेलं, "मग वैनी, औंदा मुतारी लुटा."

सगळ्या वळून माझ्याकडं बघायला लागल्या. मला वाटलं, आता आपली सदस्यकीही गेली. मग वस्तादांची बायको पदर तोंडाला लावून हसायला लागली आणि हसता हसताच म्हणाली, "लुटाच वैनी. बाजाराला निघताना मी च्या सुदिक पीत न्हाई." जीपवाल्याची बायको म्हणाली, "मी बी न्हाई." मग घरभर तेच सुरू झालं. एवढ्या वर्षांत ह्या बायका एकमेकींशी सगळं बोलल्या होत्या, हे सोडून.

पुढं घरोघरी काय झालं ते मी पाहिलं नाही. वस्तादांचा बदामाचा खुराक बंद झाल्याचं तेवढं कानावर आलं. पुढच्या बैठकीला ते पुन्हा मान खाली घालून बसले. "सरपंच, हुंद्या तालमीमागं. पोरांचं ब्रह्मचर्य पक्कं हाय."

उद्घाटन बाजाराच्या दिवशीच ठेवलं. सरपंच माता-भगिनींवर बोलत होते. जवळच आईचं भाजीचं पोतं मांडलेलं होतं. तिनं मला हाक मारली, "पाणी दे गं." भर बाजारात, भर उन्हात तिनं अख्खा तांब्या रिकामा केला. मला रडू आवरेना. सरपंचांचं भाषण संपेना. थोड्या वेळानं आई उठली, "त्यांचं चालू दे," म्हणाली आणि फितीखालून वाकून आत गेली.